पाठीमागं पांढरं पाहिजे

सोमवारी स्टुडिओ बंद.
बाकी सहा दिवस मी पैठणात लोकांची डोकी सरळ करतो:
हनुवटी थोडी खाली, कान दिसू द्या, हसू नका.
सोमवारी मात्र धरणाच्या पोटात,
कचरू लिंबोऱ्याच्या होडीत,
जिथं कुणालाच काही सांगता येत नाही.

चैत्र लागला की नाथसागर अंग चोरतो.
आधी वाळक्या बाभळींचे शेंडे, मग टेकाडं,
मग एका सकाळी अख्खं बेट,
आणि त्यावर आपल्याआधी पोचलेले नदीसुरय.
काळी टोपी, पिवळी चोच,
अंडी उघड्या खड्यांत, ना काडी ना कापूस.
"पाय बघून टाका," कचरू म्हणतो,
"बाळंतिणीच्या खोलीत शिरलात असं समजा."

मी पोटावर सरपटतो. कोपरांना शिंपल्या टोचतात.
सहाशेची लेन्स, हप्ते अजून अकरा,
आणि पलीकडं उथळात रोहित,
शेकड्यांनी, माना बुडवून,
सगळ्यांचंच काहीतरी बुडालेलं असल्यासारखे शोधत.
कचरूला मी हे बोलून दाखवलं.
तो म्हणाला, "खातेत ते."

मग बिडी विझवून, इकडंतिकडं बघत:
"एक माहा बी काढा की.
सोसायटीत द्यायचाय, कार्डावर. उद्या शेवट हाय."
स्टुडिओत ये ना.
"तुमचं शटर वर जातं तवा माही जाळी पाण्यात असती."

सहाशेची लेन्स जवळचं बघतच नाही.
मागं हो म्हटलं. अजून. अजून थोडं.
खडे संपले, गाळ लागला,
पाणी पोटऱ्यांना आलं.
तिथं तो थबकला
आणि मान खाली घालून जरासा वाकला,
वर आभाळाशिवाय काही नसताना.
मग सरळ होऊन माझ्याकडं तोंड केलं.

काय रे, काय झालं?

"काई नाई. हितं चौकट ठेंगणी होती.
बाप असाच वाकायचा.
मी चार वर्साचा, मला काय वाकायचं होतं?
पर आलं की हितं, मान आपसूक जाती."

हसू नका, मी म्हटलं, सवयीनं.
तो हसत नव्हताच.

बोट दाबलं आणि त्याच क्षणी
काठावरच्या गाळपेरीत, टरबुजाच्या वाडीत,
कुणीतरी तेलाचा डबा बडवला.

आख्खं उथळ उठलं.

फोटोत कचरू छातीपर्यंत,
दोन्ही कान स्वच्छ, हनुवटी जिथं हवी तिथं,
आणि पाठीमागं पांढरं सोडून सगळं:
पंखांतला काळा, पंखांतला शेंदरी,
उजव्या कानाला लागून एक लांबच लांब पाय.

सोसायटीनं परत पाठवला.
कारकुनानं त्या पायाभोवती निळ्या पेनानं
गोल केला होता.

बुधवारी आला, जाळी पोराच्या हवाली करून.
इस्तरीचा शर्ट, केसांना पाणी.
पांढऱ्या पडद्यापुढं बसवला.
फ्लॅशला तीनदा डोळे मिटले, चौथ्यांदा जमलं.
आता तो कार्डावर आहे,
कुणासारखाही.

पहिला मी काचेच्या कपाटात लावला,
हारतुऱ्यातल्या नवरदेवांच्या रांगेत,
निळ्या गोलासकट.
गिऱ्हाइकं वाकून बघतात.
परवा एक बाई मुलीचा स्थळासाठी फोटो काढायला आल्या,
म्हणाल्या, हा गुलाबी पडदा नवा आणलात का?
आमचीला याच्यापुढं उभी करा.

करतो की, म्हटलं.
पाणी चढायच्या आत या.
चपला हातात घ्याव्या लागतील,
आणि होडीचे वेगळे.